एवढंसं भोक आणि विमानाचं आयुष्य!

विमान असो की रेल्वेचा रूळ, धातूला तडा जातो तो बहुतेक वेळा बोल्टच्या किंवा रिव्हेटच्या भोकापासून. हे भोक आधीच दाबून घट्ट करून ठेवलं तर? ‘कोल्ड वर्किंग’ नावाच्या या युक्तीने विमानांच्या सांध्यांचं आयुष्य कितीतरी पटींनी वाढवलंय. गंमत म्हणजे, धातूच्या ज्या गुणावर ही युक्ती उभी आहे, त्याच गुणाने एकेकाळी इंजिनिअरांना जबरदस्त चकवा दिला होता.

२८ एप्रिल १९८८. हवाई बेटांवरची दुपार. हिलोहून होनोलुलूला निघालेलं अलोहा एअरलाइन्सचं बोइंग ७३७ विमान २४ हजार फुटांवर पोहोचतं आणि अचानक कानठळ्या बसवणारा आवाज होतो. कॅप्टन रॉबर्ट शॉर्नस्टायमर मागे वळून बघतात, तर जिथे पहिल्या वर्गाचं छत असायला हवं तिथे निळंशार आकाश! कॉकपिटच्या मागचा सुमारे साडेपाच मीटर लांबीचा वरचा पत्रा उडून गेलेला. प्रवासी उघड्या आकाशाखाली, सोसाट्याच्या वाऱ्यात, फक्त कमरेच्या पट्ट्याच्या भरवशावर बसलेले.

वैमानिकांनी डोकं शांत ठेवलं आणि तेरा मिनिटांत विमान माउई बेटावर उतरवलं. ९५ पैकी ९४ जण वाचले. ६५ जण जखमी झाले. केबिनमध्ये उभी असलेली एक ज्येष्ठ हवाईसुंदरी मात्र पहिल्याच क्षणी बाहेर खेचली गेली. ती पुन्हा सापडली नाही.

बॉम्ब नव्हता, वादळ नव्हतं, वैमानिकाची चूक नव्हती. मग झालं काय?

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने वर्षभर तपास केला. उत्तर निघालं ते रिव्हेटच्या भोकांपाशी. एका ओळीतल्या कितीतरी भोकांच्या कडांना केसासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या. त्या दिवशी त्या एकमेकींना जाऊन मिळाल्या. आणखी एक गोष्ट उघड झाली. विमानात चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळच्या पत्र्यावर भेग दिसली होती. पण त्या कुणाला काही बोलल्या नाहीत!

पत्रा थकतो कसा?

विमान उतरायला लागलं की आपले कान दडपतात. कारण आकाशात बाहेरची हवा विरळ असते आणि आपल्याला नीट श्वास घेता यावा म्हणून केबिनमध्ये हवेचा दाब राखलेला असतो. म्हणजे प्रत्येक उड्डाणात विमानाचं धड फुग्यासारखं किंचित फुगतं आणि उतरताना पुन्हा पूर्ववत होतं.

अलोहाचं ते विमान १९६९ साली बनलेलं. बेटाबेटांमधल्या छोट्या फेऱ्या मारणारं. एक फेरी सरासरी २५ मिनिटांचीही नव्हती. अशा सुमारे ८९ हजार फेऱ्या त्याने केल्या होत्या. बनवताना हिशेब धरला होता ७५ हजारांचा. म्हणजे त्या पत्र्याने ८९ हजार वेळा फुगणं आणि आवळणं सोसलं होतं. त्यात समुद्राची खारी हवा. पत्र्याचे दोन तुकडे जिथे एकावर एक बसवले होते, तिथला चिकट थर ओलाव्याने सुटला होता आणि सगळा भार एकट्या रिव्हेटांवर येऊन पडला होता.

लोखंडी तार तुम्ही एकदा वाकवली तर तुटत नाही. पण तीच तार दहा-वीस वेळा इकडून तिकडे वाकवा, कट्‌कन तुटते. ताकद जास्त लागली म्हणून नव्हे, तर तोच ताण पुन्हा पुन्हा दिला म्हणून. इंजिनिअर याला धातूचा थकवा म्हणतात. माणूस थकला की बोलून दाखवतो. धातू बोलत नाही. तो आतल्या आत झिजत राहतो आणि एक दिवस एकदम हार मानतो.

पण भोकाजवळच का?

कापडाच्या दुकानात दुकानदार कसं कापड फाडतो, आठवा. अख्खं कापड दोन्ही हातांनी कितीही ओढलं तरी फाटत नाही. पण कात्रीने काठाला छोटीशी चीर दिली की टर्रकन दोन तुकडे! ओढणारे हात तेच, जोर तोच. फरक एवढाच की आता सगळा जोर त्या चिरेच्या टोकाशी गोळा होतो. टपालाच्या तिकिटांमध्ये बारीक भोकांची ओळ पाडतात तीही यासाठीच. कागद तिथूनच सरळ फाटावा म्हणून. विमानाच्या पत्र्यावरची रिव्हेटांची ओळ दिसायला थेट या तिकिटांच्या ओळीसारखीच असते!

जर्मन इंजिनिअर किर्श यांनी १८९८ साली याचं गणितच मांडून दाखवलं. मोठ्या पत्र्यात एक गोल भोक पाडा आणि पत्रा दोन्ही बाजूंनी ओढा. भोकाच्या कडेला बाकीच्या पत्र्याच्या तिप्पट ताण येतो. भोक लहान असो की मोठं, तिप्पट म्हणजे तिप्पट! त्यात भोकाच्या कडेला ड्रिलचा एखादा ओरखडा राहिला असेल, तर भेगेला आयतंच निमंत्रण मिळतं.

मग भोकंच पाडू नयेत, असं कुणी म्हणेल. पण ते शक्य नाही. विमानाला लागणारे बरेचसे मजबूत अॅल्युमिनिअमचे मिश्रधातू नेहमीच्या वेल्डिंगला दाद देत नाहीत. चिकटवलेला थर सुटला की काय होतं ते अलोहाने दाखवून दिलं. शिवाय बोल्ट काढता येतो, बदलता येतो, आतला भाग तपासता येतो. बोइंग ७४७ या जम्बो विमानात सुमारे साठ लाख सुटे भाग असतात आणि त्यातले निम्मे नुसते बोल्ट, रिव्हेट अशा जोडणीच्या वस्तू असतात, असं बोइंगच सांगते. म्हणजे लाखो भोकं आली. ती टाळता येत नाहीत. त्यांना मजबूत करणं एवढंच हाती उरतं.

कॉमेटचा चकवा

ही मजबुती कशी येते ते समजायचं तर थोडं मागे, १९५४ सालात जावं लागेल. कॉमेट हे जगातलं पहिलं प्रवासी जेट विमान. ब्रिटनचा अभिमान! आपल्याकडच्या लोकांनाही त्याचं नाव ठाऊक होतं, कारण लंडनहून पूर्वेकडे जाणारी कॉमेट विमानं कलकत्त्याला थांबायची. २ मे १९५३ रोजी कलकत्त्याहून उडालेलं एक कॉमेट काही मिनिटांतच वादळात सापडून कोसळलं आणि ४३ जण गेले. त्या अपघाताचा दोष वादळाकडे गेला.

पण १० जानेवारी १९५४ रोजी इटलीजवळ एल्बा बेटापाशी स्वच्छ आकाशात दुसरं कॉमेट फुटलं. ३५ जण ठार. ८ एप्रिलला नेपल्सजवळच्या समुद्रावर आणखी एक. २१ ठार. पहिल्याने जेमतेम १,२९० उड्डाणं केली होती, दुसऱ्याने ९००. इतकी नवी विमानं थकतील कशी?

इंजिनिअर बुचकळ्यात पडले होते ते एका चाचणीमुळे. कॉमेट बनवणाऱ्या डी हॅविलँड कंपनीने विमानाच्या धडाचा एक भाग घेऊन त्यात पुन्हा पुन्हा दाब भरून पाहिला होता. तो पंधरा हजारांहून अधिक वेळा टिकला! मग प्रवासी विमान हजार-तेराशे फेऱ्यांत कसं फुटेल?

फार्नबरोच्या संशोधन केंद्राने याचा छडा लावला. सर अरनॉल्ड हॉल यांच्या देखरेखीखाली एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवण्यात आलं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे पत्रा फाटला तरी स्फोट होत नाही आणि भेग नेमकी कुठून सुरू झाली ते तसंच दिसतं. आतमध्ये दाब भरायचा, सोडायचा, पुन्हा भरायचा. रात्रंदिवस. आधीची खरी उड्डाणं आणि टाकीतल्या फेऱ्या मिळून ३,०५७ झाल्या आणि धड फाटलं. सुरुवात झाली होती धडाच्या एका झरोक्याच्या कोपऱ्यापाशी, एका बोल्टच्या भोकातून.

मग त्या पहिल्या चाचणीत पत्रा पंधरा हजार वेळा कसा टिकला? कारण मोठं मजेशीर निघालं. तोच तुकडा आधी मजबुतीच्या परीक्षेसाठी वापरला होता. त्यात नेहमीच्या दुप्पट दाब भरून पाहिला होता. त्या जबरदस्त दाबाने कोपऱ्यांवरचा आणि भोकांजवळचा धातू किंचित, पण कायमचा ताणला गेला. दाब सोडल्यावर आजूबाजूचा पत्रा मूळ जागी परतला, पण ताणला गेलेला धातू परतेना. परिणामी भोवतालच्या पत्र्याने त्याला चहूबाजूंनी आवळून धरलं. आवळलेल्या धातूत भेग सहजासहजी वाढत नाही. म्हणजे परीक्षेआधीच परीक्षार्थ्याला कुणीतरी शक्तिवर्धक पाजलं होतं! प्रवासी विमानांना असा दुप्पट दाब कधी मिळालाच नव्हता.

मुद्दाम आवळलेलं भोक

जो गुण नकळत चाचणीत शिरला आणि माणसांच्या जिवावर उठला, तोच पुढे इंजिनिअरांनी मुद्दाम कामाला लावला. १९७० च्या आसपास बोइंग कंपनीत भोकं थंडपणे फुगवण्याची एक सुटसुटीत पद्धत तयार झाली. तिचं नाव कोल्ड वर्किंग किंवा कोल्ड एक्स्पान्शन. ‘कोल्ड’ म्हणजे बर्फात ठेवून नव्हे, तर धातू न तापवता.

आपल्याकडच्या कारागिरांना यातलं अर्धं शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देऊन मठारकाम करतात. त्याने भांडं देखणं तर होतंच, पण पत्रा टणकही होतो. दुसरं अर्धं शास्त्र बैलगाडीच्या चाकात आहे. लोखंडी धाव तापवून लाकडी चाकावर चढवतात. ती थंड झाली की आक्रसते आणि चाकाला असं करकचून धरते की सांधे हलायचं नाव घेत नाहीत. तापवण्याचा भाग सोडला, तर भोकाचं कामही याच धर्तीवर चालतं. भोकाच्या कडेचं कडं म्हणजे चाक आणि भोवतालचा पत्रा म्हणजे धाव!

प्रत्यक्षात काम असं होतं. आधी ठरल्या मापापेक्षा थोडं लहान भोक पाडतात. मग पोलादी पत्र्याची पातळ नळी, जिला स्लीव्ह म्हणतात, एका निमुळत्या पोलादी दांड्यावर चढवतात. या दांड्याचं नाव मॅन्ड्रेल. नळीला उभी चीर असते आणि आतून ती वंगण लावून गुळगुळीत केलेली असते. दांडा आणि नळी भोकात घालतात आणि हायड्रॉलिक बंदुकीने दांडा जोरात मागे ओढून घेतात. दांड्याचा जाड भाग नळीतून सरकतो आणि भोक चहूबाजूंनी फुगवत बाहेर पडतो. हे सगळं काही सेकंदांत! दांडा भोकाला थेट घासू नये म्हणून मध्ये नळी. काम झालं की ती काढून टाकून देतात आणि शेवटी रीमर फिरवून भोक नेमक्या मापाचं करतात.

भोक किती फुगतं? अॅल्युमिनिअममध्ये साधारण तीन ते पाच टक्के. म्हणजे सहा मिलिमीटरचं भोक असेल तर जेमतेम पाव मिलिमीटर. वहीची दोन-तीन पानं एकावर एक ठेवली की होते तेवढी जाडी! पण एवढ्यानेही भोकाभोवती दाबलेल्या धातूचं एक कडं तयार होतं. त्याची रुंदी साधारण भोकाच्या त्रिज्येपासून व्यासापर्यंत असते.

याचा फायदा घरच्या हिशेबात सांगायचा, तर बँकेत आधीच जमा केलेल्या रकमेसारखा. उड्डाणात पंख ताणले गेले की ताण आधी ही जमा रक्कम खर्च करतो. ती संपली तरच भोकाची कड खरोखर ताणली जाते. भेग पडलीच, तरी तिची दोन्ही ओठं आवळून बंद राहतात आणि ती फार हळू पुढे सरकते. एरवीच्या भोकापेक्षा असं भोक निदान तिप्पट टिकतं आणि कित्येक चाचण्यांत हे प्रमाण दहापटीच्याही वर गेलेलं आहे. तेही विमानाचं वजन एका ग्रॅमनेही न वाढवता! जाड पत्रा वापरूनही आयुष्य वाढवता आलं असतं. पण विमानात वाढलेल्या प्रत्येक किलोसाठी जन्मभर इंधन जाळावं लागतं.

म्हणूनच पंखांचा खालचा पृष्ठभाग, पंख आणि धड यांचा सांधा, चाकांचे आधार अशा जास्त ताण सोसणाऱ्या जाड भागांत ही पद्धत सर्रास वापरली जाते. नव्या विमानात कारखान्यातच आणि जुन्या विमानात दुरुस्तीच्या वेळी.

रामबाण मात्र नव्हे!

एवढं वाचून कुणालाही वाटेल की सगळ्या भोकांना हा उपाय केला की झालं. पण तसं नाही.

पहिली अडचण मापाची. सुरुवातीचं भोक किंचित जरी मोठं झालं, तरी दांडा नुसता सरकून जातो आणि धातू पुरेसा फुगतच नाही. वाईट म्हणजे काम संपल्यावर वरवर पाहणाऱ्याला फरक कळत नाही. बोल्ट बसवला की नीट फुगलेलं भोक आणि न फुगलेलं भोक दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून प्रत्येक भोक आधी आणि नंतर मापकाने तपासावं लागतं, त्याची नोंद ठेवावी लागते. इथे सगळी भिस्त कारागिराच्या प्रामाणिकपणावर असते.

दुसरी अडचण, भोक पत्र्याच्या काठाच्या फार जवळ असेल तर आवळून धरायला पलीकडे पुरेसा धातूच नसतो. काठ नुसता बाहेर फुगतो.

तिसरी, आधीच मोठी भेग पडली असेल तर उशीर झालेला असतो. म्हणून जुन्या विमानाचं भोक फुगवण्याआधी एडी करंट नावाच्या विजेच्या तपासणीने भेग शोधतात. छोटी भेग असली तर भोक थोडं मोठं करून ती कापून काढतात आणि मगच पुढचं काम.

चौथी, फार उष्णता लागली किंवा उलट्या दिशेने जबरदस्त दाब आला, तर आवळून ठेवलेला धातू सैल पडतो.

आणि हो, ज्या अलोहाच्या विमानापासून आपण सुरुवात केली, त्यावर हा उपाय नव्हताच. तो पत्रा मिलिमीटरहूनही पातळ होता. रिव्हेटचं डोकं पत्र्याच्या पातळीत बसावं म्हणून भोक वरून शंकूसारखं रुंद केलं होतं. पत्रा पातळ असल्याने त्या भोकाची खालची कड सुरीच्या पात्यासारखी धारदार झाली होती आणि भेगा सुरू झाल्या त्या तिथूनच. अशा सांध्यांवर इलाज निराळे निघाले. बाहेर डोकं असलेले मोठे रिव्हेट, सांध्याची सुधारलेली रचना आणि मुख्य म्हणजे वयस्क विमानांची कडक, वारंवार तपासणी. अमेरिकेने जुन्या विमानांच्या संशोधनाची स्वतंत्र मोहीमच हाती घेतली.

रुळांवरही तीच गोष्ट

विमानात न बसणाऱ्यांनाही या भोकाशी देणंघेणं आहे बरं का! रेल्वेचे दोन रूळ जिथे एकमेकांना भेटतात, तिथे दोन्ही बाजूंनी फिशप्लेट लावून बोल्ट आवळतात. त्यासाठी रुळाला भोकं असतात. गाडीचं प्रत्येक चाक सांध्यावरून जाताना ठोका देतं. गाडीतला आपल्या ओळखीचा ‘खडक्‌-खडक्‌’ आवाज तो हाच. आपल्याला त्याने झोप लागते, पण भोकाच्या कडेवर दर ठोक्याला घाव बसत असतो. कालांतराने भोकातून तिरक्या भेगा फुटतात. त्यांचा आकार चांदणीसारखा दिसतो, म्हणून रेल्वेवाले त्यांना ‘स्टार क्रॅक’ म्हणतात. अशी भेग वाढत गेली तर रूळच तुटतो.

यावर भारतीय रेल्वेचा साधा, स्वस्त उपाय आहे. रुळाच्या भोकाच्या कडा चॅम्फर करायच्या, म्हणजे तासून तिरप्या करायच्या. धार तर जातेच, शिवाय हे करताना कडेचा धातू दाबला जाऊन टणक होतो आणि चांदणीच्या भेगा उशिरा पडतात. तत्त्व तेच, फक्त साधनं साधी. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये विमानासारखी भोकं फुगवण्याची पद्धतही रुळांसाठी वापरली गेली. आता लांबच लांब रूळ वेल्डिंगने जोडतात, त्यामुळे सांधे कमी झाले. पण संपले नाहीत.

तेच विमानांचं. बोइंग ७८७ सारख्या नव्या विमानाचा वजनाने निम्मा भाग धातूचा नसून कार्बनच्या धाग्यांच्या मिश्रणाचा आहे. तरीही जिथे धातू आहे तिथे बोल्ट आहेत आणि बोल्ट आहेत तिथे भोकं आहेतच.

कोल्ड वर्किंगने धातू अमर होत नाही. भेगेची चाल मंदावते, एवढंच. पण या मंदावण्यानेच तपासणाऱ्याला वेळ मिळतो. आज नाही दिसली तर पुढच्या तपासणीत भेग सापडेल, इतका वेळ. तपासणीच झाली नाही, तर हा मिळालेला वेळ फुकट जातो. कॉमेटच्या चाचणीत नेमकं हेच घडलं. धातू जास्त टिकतोय याचा आनंद झाला, तो का टिकतोय हे कुणी विचारलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी खिडकीजवळची जागा मिळाली, तर पंखावरच्या त्या ठिपक्यांच्या ओळींकडे जरूर बघा. त्यातल्या कित्येक भोकांवर कुणीतरी मापक लावून, दांडा ओढून, वहीत नोंद करून काम केलेलं असतं. आणि विमानात चढताना पत्र्यावर कुठे भेग दिसलीच, तर संकोच करू नका. हवाईसुंदरीला लगेच सांगा!